गुप्त माहिती, युद्ध आणि खात्रीचा प्रश्न

२०२५ सालच्या जुलै महिन्याच्या अखेरीस लोकसभेत ‘ऑपरेशन सिंदूर’वर चर्चा झाली. त्या चर्चेत बंदुकीच्या रिकाम्या पुंगळ्यांना जे महत्त्व प्राप्त झाले, ते एरवी सत्र न्यायालयातील खटल्यातच पाहावयास मिळते. केंद्रीय गृहमंत्री अमित शहा यांनी २९ जुलै रोजी सभागृहास निवेदन केले की, आदल्या दिवशी श्रीनगरनजीक ‘ऑपरेशन महादेव’मध्ये ठार झालेल्या तीन दहशतवाद्यांच्या रायफली रातोरात चंदिगडच्या प्रयोगशाळेत नेण्यात आल्या, तेथे त्यांतून गोळ्या झाडून पाहण्यात आल्या आणि पहलगामच्या बैसरन कुरणात सापडलेल्या पुंगळ्यांशी त्या जुळल्या. दोघांचे पाकिस्तानी मतदार क्रमांक हाती आल्याचे आणि पाकिस्तानी बनावटीची चॉकलेटे सापडल्याचेही त्यांनी सांगितले. माजी गृहमंत्री पी. चिदंबरम यांनी नुकत्याच दिलेल्या एका मुलाखतीत विचारले होते की, हल्लेखोर पाकिस्तानातूनच आले होते याचा पुरावा कोणता? त्या प्रश्नावरून गदारोळ झाला. शत्रुराष्ट्राला निर्दोष ठरविण्याचा हा प्रयत्न असल्याचा आरोप सत्ताधाऱ्यांनी केला, तर आपले बोलणे मोडतोड करून पसरविले गेल्याची तक्रार चिदंबरम यांनी केली.

कल्याण-डोंबिवलीतील रहिवाशांसाठी हा वाद दूरच्या दिल्लीतला नाही. २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगाम येथे ज्या २६ जणांची निर्घृण हत्या झाली, त्यांत महाराष्ट्राचे सहा जण होते आणि त्या सहांपैकी तिघे डोंबिवलीचे होते. दुसऱ्या दिवशी भागशाळा मैदानात त्यांचे अंत्यदर्शन घेण्यासाठी लोटलेला जनसमुदाय पुष्कळ वाचकांनी पाहिला आहे; काही त्यात स्वतः उभे होते. पुढे मे महिन्यात भारताची बाजू मांडण्यासाठी खासदारांची जी सात सर्वपक्षीय शिष्टमंडळे परदेशी गेली, त्यांपैकी एकाचे नेतृत्व कल्याणचेच खासदार श्रीकांत शिंदे यांच्याकडे होते. संयुक्त अरब अमिरात, काँगो, सिएरा लिओन आणि लायबेरिया या देशांना ते शिष्टमंडळ भेटून आले. म्हणजे ज्या शहराने माणसे गमावली, त्याच शहराच्या प्रतिनिधीने पुराव्याची कागदपत्रे जगापुढे नेली. अशा शहरात ‘पुरावा काय?’ हा प्रश्न उच्चारणेदेखील काहींना निर्दयपणाचे वाटते. आम्हांस तसे वाटत नाही. ज्यांच्या घरची माणसे गेली, त्यांचाच सत्यावर पहिला हक्क आहे आणि जो सत्याची चौकशी करतो तो त्यांचा शत्रू नव्हे.

मात्र येथे घटनाक्रम नीट पाहिला पाहिजे. हल्ला २२ एप्रिलला झाला. भारताने सीमेपलीकडील तळांवर प्रहार केला तो ७ मे रोजी. शिष्टमंडळे मेच्या उत्तरार्धात निघाली. संसदेचे विशेष अधिवेशन बोलवावे ही विरोधी पक्षांची मागणी मान्य झाली नाही आणि प्रत्यक्ष चर्चा पावसाळी अधिवेशनात, प्रहारानंतर अकरा आठवड्यांहून अधिक काळाने झाली. रायफली आणि पुंगळ्यांचा मेळ लागला तो त्या चर्चेच्या दरम्यान. याचा अर्थ ७ मे रोजी सरकारच्या हाती काहीच नव्हते, असा मुळीच नाही. ‘द रेझिस्टन्स फ्रंट’ या संघटनेने हल्ल्याची जबाबदारी प्रथम स्वीकारली होती आणि चार दिवसांनी ती झटकून टाकली होती. लष्कर-ए-तैयबाशी असलेले तिचे नाते तपास यंत्रणांना पूर्वीपासून ठाऊक होते. तथापि, आपल्या प्रतिनिधींनी मनरोव्हियात जे युक्तिवाद ऐकविले, ते दिल्लीच्या सभागृहात त्यानंतर ऐकू यावेत, हा क्रम लोकशाहीला शोभणारा नाही.

शस्त्रास्त्रांविषयीची गुप्त माहिती पुढे करून युद्ध पुकारावे, तिची छाननी मागाहून व्हावी आणि तोपर्यंत माणसे मरून जावीत, या प्रकाराचे आपल्या काळातील सर्वांत मोठे उदाहरण इराकचे आहे. २० मार्च २००३ रोजी ते युद्ध सुरू झाले. आज महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलांचा तेव्हा जन्मही झाला नव्हता, म्हणून ती हकीकत काहीशी विस्ताराने सांगणे आवश्यक आहे.

आधी एक गोष्ट मान्य करावयास हवी. सद्दाम हुसेन यांच्याविषयीची शंका निराधार नव्हती. १९८८ च्या मार्चमध्ये हलब्जा या कुर्दी गावावर त्यांच्या राजवटीने विषारी वायू सोडला आणि सुमारे पाच हजार माणसे मारली. १९९१ च्या आखाती युद्धानंतर संयुक्त राष्ट्रांच्या निरीक्षकांना त्यांनी वर्षानुवर्षे चकविले होते. म्हणूनच ८ नोव्हेंबर २००२ रोजी सुरक्षा परिषदेने इराकला अखेरची संधी देणारा १४४१ क्रमांकाचा ठराव पंधरा विरुद्ध शून्य मतांनी संमत केला. त्याच महिन्याच्या अखेरीस हान्स ब्लिक्स यांच्या नेतृत्वाखाली निरीक्षक पुन्हा इराकमध्ये दाखल झाले. पुढील साडेतीन महिन्यांत त्यांनी सुमारे पाचशे ठिकाणी सातशेहून अधिक तपासण्या केल्या. सर्वसंहारक शस्त्रांचा साठा त्यांना कोठेही आढळला नाही. त्यांनी आणखी काही महिने मागितले. ते देण्यात आले नाहीत.

शंका होती आणि शंकेचे निरसन करणारी यंत्रणा कामाला लागलेली होती. मग घडले काय? आमच्या मते या प्रकरणातील खरे पाप येथेच आहे. शंकेची भाषा वरच्या पायरीवर जाता जाता खात्रीची होत गेली. अमेरिकेच्या गुप्तवार्ता यंत्रणांनी ऑक्टोबर २००२ मध्ये जो गोपनीय अंदाज तयार केला, त्यात ‘आमचा कयास असा आहे’ अशी सावध वाक्ये होती आणि मतभेदही नोंदविलेले होते. इराकने मागविलेल्या ॲल्युमिनियमच्या नळ्या अणुइंधन तयार करण्यासाठी आहेत, हे ऊर्जा खात्याच्या तज्ज्ञांना मान्य नव्हते. परराष्ट्र खात्याच्या गुप्तवार्ता विभागाचेही वेगळे मत होते. परंतु जनतेसाठी त्याची जी संक्षिप्त आवृत्ती प्रसिद्ध झाली, तीतून ‘आमचा कयास’ हे शब्द गळाले आणि मतभेद पुसट झाले. संपूर्ण गोपनीय कागद वाचण्याची मुभा संसद सदस्यांना होती. तिचा लाभ फार थोड्यांनी घेतला. प्रतिनिधिगृहाने २९६ विरुद्ध १३३ आणि सिनेटने ७७ विरुद्ध २३ मतांनी राष्ट्राध्यक्ष बुश यांना युद्धाचा अधिकार देऊन टाकला.

ब्रिटनमध्ये २४ सप्टेंबर २००२ रोजी प्रसिद्ध झालेल्या पुस्तिकेत असे विधान होते की, आदेश मिळाल्यापासून ४५ मिनिटांत इराक काही रासायनिक वा जैविक शस्त्रे वापरण्यास सज्ज होऊ शकतो. मूळ माहिती रणांगणावर वापरावयाच्या, कमी पल्ल्याच्या दारूगोळ्याविषयी होती. पुस्तिकेत ते म्हटलेले नव्हते. दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांनी सायप्रसमधील ब्रिटिश तळ ४५ मिनिटांच्या अंतरावर आणून ठेवला आणि कोणत्याही मंत्र्याने ती समजूत दुरुस्त केली नाही. २००४ साली ब्रिटिश हेरखात्याने ती माहितीच मागे घेतली.

आफ्रिकेतून इराक युरेनियम मिळवू पाहत आहे, हा दावा बुश यांनी २८ जानेवारी २००३ च्या भाषणात ब्रिटिश सरकारच्या हवाल्याने केला. ज्या कागदांभोवती ही चर्चा फिरत होती, ते बनावट असल्याचे आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे प्रमुख मोहम्मद अल् बरादेई यांनी ७ मार्च रोजी सुरक्षा परिषदेत सांगितले. त्यानंतर तेराव्या दिवशी युद्ध सुरू झाले.

सर्वांत उद्बोधक कथा फिरत्या प्रयोगशाळांची आहे. ५ फेब्रुवारी २००३ रोजी अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी सुरक्षा परिषदेत मालमोटारींवर उभारलेल्या जैविक शस्त्रांच्या कारखान्यांची चित्रे दाखविली. पॉवेल हे युद्धाला घाई न करणारे गृहस्थ म्हणून ओळखले जात, म्हणून त्यांच्या शब्दाला वजन होते. त्या चित्रांमागे मुख्यतः एकच साक्षीदार होता. जर्मनीत आश्रय मागणारा हा इराकी अभियंता हेरखात्यांच्या कागदपत्रांत ‘कर्व्हबॉल’ या टोपणनावाने वावरत होता. त्याची जबानी जर्मन यंत्रणेने घेतली होती आणि त्याच्या विश्वासार्हतेविषयी तिला शंका होत्या. २०११ साली त्याने स्वतःच कबूल केले की, सद्दामची राजवट कोसळावी म्हणून आपण ही गोष्ट रचली. जुन्या करारातील अनुवाद या ग्रंथात एका साक्षीदाराच्या शब्दावर कोणालाही दोषी ठरवू नये, असा दंडक आहे. खेड्यातील भांडणासाठी जी अट मोशेच्या नियमशास्त्राला आवश्यक वाटली, ती अडीच कोटी लोकांच्या देशावर हल्ला करताना पाळली गेली नाही.

बायबलमध्ये हेरगिरीची कथा नाही असे कोणास वाटत असेल, तर त्याने गणना या ग्रंथाचा तेरावा अध्याय उघडावा. कनान देश हेरण्यासाठी मोशेने बारा माणसे पाठविली. बाराही जणांनी तीच शहरे, तीच तटबंदी व तीच द्राक्षे पाहिली. परत आल्यावर दहा जणांनी राक्षसांच्या गोष्टी सांगितल्या. कालेब आणि यहोशवा यांनी त्याच निरीक्षणाचा वेगळा अर्थ लावला. लोकांनी भीतीची बाजू घेतली व चाळीस वर्षे रानात काढली. डोळ्यांनी जे पाहिले ते आणि मनात जे आधीच ठरले होते ते, यांची सरमिसळ हेरांच्या धंद्याइतकीच जुनी आहे. इराकच्या बाबतीत मनात जे आधीच ठरले होते, त्याची एक खूण २००५ साली बाहेर आली. २३ जुलै २००२ च्या, म्हणजे युद्धाच्या आठ महिने आधीच्या, लंडनमधील एका बैठकीच्या टिपणात असे नोंदलेले होते की, अमेरिकेत माहिती आणि वस्तुस्थिती धोरणाभोवती बसविली जात आहे.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगता येईल. अमेरिकन शोधपथकाचे प्रमुख डेव्हिड के यांनी जानेवारी २००४ मध्ये सिनेटसमोर सांगितले की, आपण जवळजवळ सगळेच चुकलो होतो. ब्रिटनमध्ये शस्त्रतज्ज्ञ डेव्हिड केली यांचा जुलै २००३ मध्ये करुण अंत झाला. पुस्तिका भडक केल्याची बातमी देणाऱ्या बीबीसीच्या अध्यक्षांना व महासंचालकांना हटन अहवालानंतर पायउतार व्हावे लागले. युद्धाआधीच मंत्रिपद सोडणारे रॉबिन कुक यांनी, प्रचलित अर्थाने सर्वसंहारक म्हणता येतील अशी शस्त्रे इराककडे बहुधा नाहीत, असे १७ मार्च २००३ रोजीच सभागृहात सांगितले होते. दुसऱ्या दिवशी ४१२ विरुद्ध १४९ मतांनी युद्धाला संमती मिळाली. सर जॉन चिल्कॉट यांच्या समितीने सात वर्षे काम करून ६ जुलै २०१६ रोजी बारा खंडांचा अहवाल दिला. त्याचे सार असे की, धोक्याविषयीचे निष्कर्ष ज्या खात्रीने मांडले गेले, त्या खात्रीला आधार नव्हता.

‘खात्री’ हा शब्द येथे योगायोगाने आलेला नाही. कॅथोलिक ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण ग्रंथातील २३०९ व्या परिच्छेदात बळाच्या वापराद्वारे संरक्षण करण्याच्या कठोर अटी दिल्या आहेत. त्यांतील पहिलीच अट अशी की, आक्रमकाने राष्ट्राला पोहोचविलेली हानी टिकाऊ, गंभीर आणि निश्चित असली पाहिजे. शेवटच्या शब्दाकडे धर्मशास्त्राचे विद्यार्थी फारसे लक्ष देत नाहीत. चर्चा रंगते ती प्रमाणबद्धतेवर, अंतिम उपायावर, यशाच्या संभवावर. ‘निश्चित’ हा शब्द सोपा वाटतो म्हणून मागे राहतो. इराकने दाखवून दिले की, सर्व अटींचा पाया तोच आहे. हानी घडलेली आहे की घडेल अशी भीती आहे, हा भेद एकदा पुसला की बाकीच्या अटींचा हिशेब मांडताच येत नाही. ‘प्रतिबंधक युद्ध’ ही संकल्पना धर्मशिक्षण ग्रंथात नाही, असे कार्डिनल रॅटझिंगर यांनी त्याच काळात सांगितले होते. संत जॉन पॉल दुसरे यांनी कार्डिनल एचेगाराय यांना बगदादला आणि कार्डिनल पिओ लागी यांना वॉशिंग्टनला पाठविले. लागी यांची बुश यांच्याशी भेट ५ मार्च २००३ रोजी झाली. तिचा परिणाम झाला नाही. पोप फ्रान्सिस यांनी २०२० च्या ‘फ्रातेल्ली तुत्ती’ या परिपत्रकात युद्धाच्या समर्थनासाठी माहितीचा विपर्यास केला जातो याचा स्पष्ट उल्लेख केला, तो या अनुभवानंतरचा आहे.

या कसोटीवर पहलगाम आणि इराक ही दोन प्रकरणे एका तागडीत घालता येत नाहीत, हेही स्पष्ट केले पाहिजे. पहलगामची हानी घडलेली होती. तिचे मृतदेह आम्ही पाहिले. अनिश्चितता होती ती कर्त्याविषयी आणि त्यामागील हाताविषयी. इराकमध्ये मुळात हानीच भविष्यातली होती. म्हणून चिदंबरम यांच्या प्रश्नाची तुलना रॉबिन कुक यांच्या भाषणाशी करणारे जसे अतिशयोक्ती करतात, तसेच त्या प्रश्नाला देशद्रोह म्हणणारेही करतात. प्रश्नाला उत्तर मिळाले ते पुंगळ्यांच्या रूपाने मिळाले, आणि ते मिळाल्याने सरकारची बाजू बळकटच झाली.

भारताने २००३ साली काय केले, हे येथे पाहण्याजोगे आहे. एप्रिलच्या आरंभी संसदेत काथ्याकूट झाला तो एका शब्दावर. अमेरिकेच्या कारवाईचा ‘निषेध’ करावयाचा, ‘निंदा’ करावयाची की केवळ खेद व्यक्त करावयाचा? वाजपेयी सरकार मध्यममार्गावर ठाम होते, विरोधकांना कडक शब्द हवा होता. अखेर ८ एप्रिल २००३ रोजी लोकसभेने एकमताने ठराव संमत केला. हिंदीत ‘निंदा’ आणि इंग्रजीत त्याहून मवाळ असा ‘डिप्लोर’ हा शब्द घालून तोडगा निघाला. त्या लोकसभेचे अध्यक्ष महाराष्ट्राचे माजी मुख्यमंत्री मनोहर जोशी होते. दुसऱ्याच दिवशी बगदाद पडले. या शब्दकीसाची त्या वेळी थट्टा झाली. आम्ही तिच्यात सामील होणार नाही, कारण त्याच ठरावाने पुढच्या निर्णयाला आधार दिला. अमेरिकेला उत्तर इराकमध्ये सुमारे १७ हजार भारतीय सैनिक हवे होते. १४ जुलै २००३ रोजी मंत्रिमंडळाच्या सुरक्षाविषयक समितीने संयुक्त राष्ट्रांच्या स्पष्ट आदेशाविना सैन्य पाठविण्यास नकार दिला. तो नकार दिला गेला नसता तर सातारा-कोल्हापूरकडील किती घरांत तारा आल्या असत्या, याचा विचार करावा.

एक गोष्ट मात्र खटकते. भारतीय संसदेने युद्धाला नाव काय द्यावे यावर वाद घातला. पॉवेल यांनी मांडलेला पुरावा खरा की खोटा, यावर तिच्यापाशी स्वतःचे असे काही मत नव्हते. ते तयार करण्याचे साधनच आपल्या संसदेजवळ नव्हते.

इराक आपल्यापासून दूर आहे असे ज्यांस वाटते, त्यांनी आपल्या शहराचे नाव आठवावे. सहाव्या शतकात कॉस्मस नावाच्या अलेक्झांड्रियाच्या प्रवासी व्यापाऱ्याने लिहून ठेवले आहे की, ‘कल्लियाना’ येथे पर्शियातून नेमलेला बिशप आहे. हे कल्लियाना म्हणजे आपले कल्याण, असे अनेक अभ्यासक मानतात. त्या पूर्वेच्या ख्रिस्तसभेचे मुख्यपीठ सेल्युकिया-टेसिफॉन येथे, आजच्या बगदादच्या दक्षिणेस होते. १९८८ साली सिरो-मलबार श्रद्धावंतांसाठी कल्याण धर्मप्रांताची स्थापना झाली. त्यांची आणि इराकच्या खाल्डियन ख्रिस्तसभेची उपासना एकाच पूर्व-सिरियन परंपरेतली आहे. उपवासकाळापूर्वी आपल्या धर्मग्रामांत निनवेचा तीन दिवसांचा जो उपवास पाळला जातो, ते निनवे म्हणजे मोसुल शहराचाच नदीपलीकडील भाग.

त्या मोसुलचे खाल्डियन आर्चबिशप पौलोस फराज राहो यांचे २९ फेब्रुवारी २००८ रोजी अपहरण झाले. १३ मार्चला त्यांचा मृतदेह हाती आला. ३१ ऑक्टोबर २०१० रोजी बगदादच्या तारणमाउलीच्या चर्चमध्ये मिस्सा चालू असताना हल्ला झाला व पन्नासहून अधिक माणसे मारली गेली. २०१४ च्या ऑगस्टमध्ये निनवेच्या मैदानातील ख्रिस्ती गावे एका रात्रीत रिकामी झाली. २००३ पूर्वी इराकमध्ये दहा लाखांहून अधिक ख्रिस्ती होते असे सांगतात. आता ती संख्या अडीच लाखांच्या आसपास किंवा त्याहूनही कमी मानली जाते. हे आकडे अंदाजाचेच आहेत. आणि ख्रिस्ती माणसांचीच मोजदाद करणे अन्यायाचे होईल. ‘इराक बॉडी काउंट’ या उपक्रमाने नोंदविलेल्या नागरी मृत्यूंची संख्या एक लाख ऐंशी हजारांहून अधिक आहे आणि त्यांतील बहुसंख्य मृत मुसलमान आहेत.

मे २००३ मध्ये इराकी सैन्य बरखास्त करण्यात आले. हत्यार चालवू जाणणारी लाखो माणसे बेकार झाली. त्या अराजकात जी संघटना वाढली, तिनेच २०१४ साली मोसुल जिंकले. त्याच वर्षी मे महिन्यात कल्याणमधील चार तरुण यात्रेकरूंच्या गटातून बगदादला गेले आणि तेथून त्या संघटनेत दाखल झाल्याचे उघड झाले. त्यांच्या कुटुंबीयांनीच पोलिसांना कळविले होते. एक जण त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये परतला व त्याच्यावर खटला भरला गेला. कल्याणच्या मुस्लिम मोहल्ल्यांना त्या चौघांमुळे किती संशय सोसावा लागला, हे शेजाऱ्यांना माहीत आहे. आम्ही त्या तरुणांच्या अपराधाचे खापर वॉशिंग्टनवर फोडत नाही. निर्णय त्यांचा होता. परंतु ते ज्या आगीत उडी घ्यावयास गेले, ती पेटली कशी, हे विसरून चालणार नाही.

त्याच २०१४ साली तिक्रीतमध्ये अडकलेल्या ४६ भारतीय परिचारिकांना घेऊन येणारे विमान ५ जुलै रोजी मुंबईमार्गे कोचीला पोहोचले. मोसुलमध्ये ओलीस धरलेले ३९ भारतीय कामगार मात्र परतले नाहीत. चार वर्षे सरकार निरनिराळ्या सूत्रांच्या हवाल्याने ते जिवंत असल्याची आशा देत राहिले आणि त्यावर कठोर टीकाही झाली. तरी सुषमा स्वराज यांनी लोकसभेत घेतलेली एक भूमिका आम्हांस महत्त्वाची वाटते. ठोस पुराव्याविना कोणालाही मृत घोषित करणे हे पाप आहे व ते आपण करणार नाही, असे त्यांनी २०१७ मध्ये म्हटले होते. मार्च २०१८ मध्ये डीएनए चाचणीनंतरच त्यांनी राज्यसभेत त्या मृत्यूंची घोषणा केली. एखादा मेला आहे असे म्हणण्यासाठी जर इतका पुरावा हवा, तर एखाद्याला मारावयास निघताना त्याहून कमी कसा चालेल?

हा धडा जगाने घेतला आहे असे दिसत नाही. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय गुप्तवार्ता संचालक तुलसी गॅबार्ड यांनी सिनेटच्या समितीला सांगितले की, इराण अण्वस्त्र तयार करीत नाही असा यंत्रणांचा निष्कर्ष आहे. जूनमध्ये इस्रायलने इराणवर हल्ला केल्यावर राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी जाहीरपणे त्यांना चुकीचे ठरविले. मग गॅबार्ड यांनीही इराण काही आठवडे ते काही महिन्यांत अण्वस्त्र जुळवू शकेल अशी भाषा केली. २२ जून रोजी अमेरिकेने तीन अणुकेंद्रांवर बाँब टाकले. इराणने ६० टक्क्यांपर्यंत समृद्ध केलेले युरेनियम चारशे किलोंहून अधिक साठविले होते, तेव्हा येथेही शंकेला आधार होता. पण २००३ साली यंत्रणांना वाकवून हवा तो निष्कर्ष काढून घ्यावा लागला होता; २०२५ मध्ये निष्कर्ष बाजूला सारणेच पुरेसे ठरले. हल्ल्याने इराणचा कार्यक्रम काही महिनेच मागे गेला असावा, असा प्राथमिक अंदाज संरक्षण गुप्तवार्ता संस्थेने केला होता. तो फुटला आणि ऑगस्टमध्ये तिच्या प्रमुखांना पदावरून दूर करण्यात आले. २३ जूनच्या रात्री इराणची क्षेपणास्त्रे कतारमधील अमेरिकन तळावर आली तेव्हा दोह्यातील आप्तांना फोन लागेपर्यंत डोंबिवलीतील कित्येक घरांत दिवा मालवला गेला नाही.

आता आपल्याकडील व्यवस्थेविषयी. अमेरिकेच्या सिनेटमध्ये गुप्तवार्ता यंत्रणांवर देखरेख करणारी समिती १९७६ पासून आहे, ब्रिटनमध्ये संसद सदस्यांची समिती १९९४ पासून. या समित्या असूनही इराकचे युद्ध टळले नाही, हे खरे. परंतु त्यांच्यामुळेच मागाहून सत्य बाहेर आले. आपल्या रॉ किंवा गुप्तवार्ता विभाग या संस्थांवर संसदेची अशी कोणतीही समिती नाही. खासदार मनीष तिवारी यांनी २०११ साली तशा आशयाचे खासगी विधेयक आणले होते. ते संमत झाले नाही. कारगिलनंतर के. सुब्रह्मण्यम समितीचा अहवाल २००० साली, काही भाग वगळून का होईना, संसदेसमोर ठेवला गेला, ही चांगली परंपरा होती. मुंबईवरील २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर राज्य शासनाने नेमलेल्या राम प्रधान समितीच्या बाबतीत मात्र विधिमंडळासमोर आधी आला तो कृती-अहवाल. मूळ अहवाल सुरुवातीस गोपनीय ठेवण्यात आला. राष्ट्राची गुपिते चव्हाट्यावर मांडा, असे आम्ही म्हणत नाही. बंद दाराआड, शपथबद्ध अशा पंधरा-वीस सदस्यांना मूळ कागद, त्यांतील ‘आमचा कयास’ या शब्दांसह आणि तळटिपांतील मतभेदांसह, वाचावयास मिळावेत एवढेच मागणे आहे. ज्या खासदारांवर परदेशी जाऊन देशाची बाजू मांडण्याइतका विश्वास टाकता येतो, त्यांच्यावर हाही टाकता येईल. कल्याणच्या खासदारांनी स्वतःच्या शिष्टमंडळाचा अनुभव सांगून ही मागणी सभागृहात मांडली, तर तिला वेगळे वजन येईल. मतदारसंघातील नागरिकांनी त्यांना तसे लिहावे.

पहलगाम प्रकरणी राष्ट्रीय तपास यंत्रणेने डिसेंबर २०२५ मध्ये जम्मूच्या विशेष न्यायालयात आरोपपत्र दाखल केले. लोकसभेत एका निवेदनात आलेला पुंगळ्यांचा आणि रायफलींचा तो अहवाल न्यायालयात उलटतपासणीस उभा राहू शकेल. सीमेपलीकडचे आरोपी हजर होतील अशी आशा फारशी नाही. तरीही डोंबिवलीच्या त्या तीन घरांना आपल्या माणसांच्या मृत्यूविषयीची अधिकृत कागदपत्रे एका खुल्या न्यायालयाच्या दप्तरातून पाहता येतील.